शुक्रवारी गेलेल्या बायका

आकडा चुकला तर मला राग येत नाही. माणूस चुकतो आणि आकड्यावर ढकलतो, त्याचा येतो. आमच्या दवाखान्याच्या रेकॉर्ड खोलीत तीन वर्षं बसून मी हे बऱ्याच जणांना सुनावलं होतं. पण त्या एप्रिलमध्ये असा घोळ समोर आला, की चिडायचं कोणावर हेच कळेना. आणि चिडायला कोणी सापडलं नाही की माझं डोकं उठतं.

दवाखाना एका जुन्या ट्रस्टचा, जालना रोडच्या आतल्या गल्लीतला. त्यातला चार नंबरचा वॉर्ड बायकांचा. वीस खाटा, खाटेचे दिवसाला पन्नास रुपये, त्यात दोन वेळचं ताट. लासूर स्टेशन, गंगापूर, वैजापूर इकडच्या दमेकरी, ताप न उतरणाऱ्या, साखर वाढलेल्या बायका तिथं येतात. रोज सकाळी आठला प्रत्येक वॉर्डाची सिस्टर वहीत पेशंटची संख्या लिहिते, दुपारपर्यंत सुटलेल्यांची नावं घालते आणि ती वही माझ्याकडे येते. तिच्यावरून मी दर तीन महिन्यांनी तीन आकडे काढायचे. खाटा शेकडा किती भरल्या, एक पेशंट सरासरी किती दिवस राहिला, आणि एका पेशंटमागे दिवसाला किती खर्च आला. एवढंच माझं काम, तेही कंत्राटावर.

त्या बुधवारी प्रशासनाचे मंदार सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. ते बसले नाहीत म्हणजे बातमी वाईट, हे मला ठाऊक होतं.

"सुलेखा मॅडम, चार नंबरचे किती आले?"

"सदुसष्ट टक्के."

"ट्रस्टींनी सत्तर ठरवलंय. सत्तरच्या खाली असेल तर वॉर्ड बंद करून तिथं स्पेशल रूम काढायच्या. आणि खर्च?"

"पेशंटमागे दिवसाला नऊशे दहा. पुरुषांच्या वॉर्डात सातशे ऐंशी आहे."

"बघा, रिकामाही आणि महागही. सोमवारी मीटिंग आहे. पक्का आकडा द्या."

ते गेले आणि मी त्या नऊशे दहाकडे बघत बसले. दोन्ही वॉर्डांत सिस्टर तेवढ्याच, ताट तेच, चादरी त्याच धोब्याच्या. मग बायकांनाच एकशे तीस रुपये जास्त कशाचे लागतात? माझी मावशी याच वॉर्डात दोनदा राहून गेली होती. तिला तर चहासुद्धा मागून घ्यावा लागला होता.

गुरुवारी मी स्वयंपाकघरातून ताटांच्या चिठ्ठ्या मागवल्या. नव्वद दिवसांच्या. वहीप्रमाणे चार नंबरला ताटं जायला हवी होती दोन हजार चारशे बारा. गेली होती दोन हजार सातशे साठ. तीनशे अठ्ठेचाळीस ताटं जास्त! मी दोनदा बेरीज केली, मग कॅल्क्युलेटरवर विश्वास नाही म्हणून कागदावर केली. तीनशे अठ्ठेचाळीसच. त्यातही गंमत अशी, की सोमवार ते गुरुवार हिशेब बहुतेक काट्यावर जुळत होता. ताटं वाढत होती ती शुक्रवारी रात्री, शनिवारी दोन्ही वेळा आणि रविवारी सकाळी. शिवाय दर महिन्यात अधेमधे एखादा दिवस. शनिवारी बायकांची भूक वाढते की काय?

स्वयंपाकघरवाल्यानं सरळ हात वर केले. प्रत्येक चिठ्ठीवर चार नंबरच्या आयाबाईंची, आशाबाईंची सही होती. आता मला चिडायला माणूस सापडलं. मी तरातरा वॉर्डात गेले. आशाबाई फरशी पुसत होत्या.

"आशाबाई, ताटं तुम्ही आणता ना?"

"व्हय. जितकी तोंडं तितकी ताटं."

"गेल्या शनिवारी पेशंट तेरा होते. ताटं एकोणीस कशी आणली?"

"तेरा कोन म्हनलं?"

"वही म्हणते."

"मंग वहीलाच इचारा."

असं उत्तर मला कोणी देत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग सहा ताटं जातात कुठं? घरी नेता का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फडकं बादलीत टाकलं, बादली उचलली आणि निघून गेल्या. बावीस वर्षं त्या इथं फरशी पुसत होत्या. मी बोलले ते मला तिथंच टोचलं, पण माफी मागायला पाय उचलला नाही. तीनशे अठ्ठेचाळीस ताटं कुठंतरी जातच होती ना!

शुक्रवारी दुपारी मी पुन्हा गेले. मनात माफीच होती, पण सोबत थोडी तपासणीही. आशाबाई नव्हत्या. चादरींच्या खोलीचं दार उघडं होतं म्हणून आत डोकावले, तर वरच्या फळीवर ओळीनं सहा गाठोडी. प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली आणि चिठ्ठीवर खाटेचा नंबर. अकरा नंबरच्या गाठोड्याचं टोक मी सोडून पाहिलं. एक धुतलेलं लुगडं, फडक्यात मूठभर तांदूळ आणि एक सुपारी. चोरीचा माल असा नसतो. मग हे काय? करणीबिरणी? दवाखान्यात? आमच्या घरात असलं काही मी जन्मात पाहिलेलं नाही. माझ्या बापानं आजीच्या वेळचे सगळे मुहूर्त आणि उतारे उंबऱ्याबाहेर काढले होते. प्रवासाला निघताना आमच्याकडे खिशात तिकीट आहे का एवढंच बघतात. मी गाठ जशीच्या तशी बांधली आणि परत आले. काय विचारावं आणि कोणाला, हेच सुचेना.

रेकॉर्ड खोलीत वही येऊन पडली होती. त्या दिवशी चार नंबरमधून सहा जणी सुट्टी होऊन गेल्या होत्या, त्यांत खाट नंबर अकरा, भामाबाई, राहणार लासूर स्टेशन. बाई गेली, मग गाठोडं का राहिलं? विसरली म्हणावं, तर सहाच्या सहा जणी कशा विसरतील?

रात्री ठरवलं. वही नको, चिठ्ठ्या नकोत. आपण स्वतः बोटानं मोजायचं.

शनिवारी सकाळी आठच्या ठोक्याला मी चार नंबरमध्ये हजर. वहीत त्या सकाळचा आकडा होता तेरा. मी पहिल्या खाटेपासून सुरुवात केली आणि विसाव्या खाटेशी पोचले तेव्हा बोटं झाली होती एकोणीस. पुन्हा उलट्या बाजूनं मोजलं. एकोणीस. अकरा नंबरवर एक म्हातारी उशाला टेकून चहात खारी बुडवत होती.

"आजी, तुमचं नाव?"

"भामाबाई."

मी वही उघडून पाहिली. "तुम्ही तर काल घरी गेलात."

"व्हय, काल गेले म्या."

"मग आता इथं कोण बसलंय?"

"म्याच की." ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू आजारी मीच आहे. "लेकी, तू नवी हायस का?"

"नाही. तीन वर्षं झाली."

"मंग तुला कोनी सांगितलं कसं नाय? म्या काल गेले. म्हंजे गाठुडं गेलं. गाठुडं गेलं म्हंजे मानूस गेलं. आता नातू उद्या सकाळच्या गाडीनं येतो, त्याच्यासंगं निघते."

"मग आजच का नाही निघत?"

"आज शनवार हाय, बया! शनवारी दवाखाना सोडला की पुन्यांदा यावं लागतं."

मी तिथंच तिच्या खाटेच्या कडेला बसले. मला काही म्हणजे काही समजत नव्हतं. काल गेलेली बाई आज खारी खात होती. वहीत तेरा होते, खाटांवर एकोणीस, आणि सहा गाठोडी सहा बायकांच्या नावानं आधीच घरी निघाली होती. ती मात्र निवांत होती. बशी पुसून झाल्यावर तिनं हळू आवाजात विचारलं, "ह्यो वार्ड बंद करत्यात म्हनं?"

"कोण म्हणालं?"

"समदेच म्हनतेत. म्या दर थंडीत, दर धुळीत हितं येते. दम लागला की दुसरीकडं कुठं जाऊ? पन्नास रुपयात कोन ठिवून घेनार मला?" तिचा श्वास चढला होता, नुसतं एवढं बोलून. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात पद्मजा सिस्टर आल्या. चार नंबरच्या मुख्य सिस्टर, सव्वीस वर्षांची नोकरी. त्यांनी माझ्या हातातली वही बघितली, भामाबाईंकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "सुलेखा, आत ये."

आपल्या लहानशा खोलीत दार लोटून त्यांनी मला बसवलं. "तुला प्रस्थान ठाऊक नसणार."

"नाही."

"आमच्याकडे असतं. म्हणजे असायचं. गावाला ज्या दिवशी निघायचं तो दिवस वाईट असला, तर आदल्या चांगल्या दिवशी कपडे, तांदूळ, सुपारी एका गाठोड्यात बांधून शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे आपण निघालो असं धरायचं. मग प्रत्यक्ष कधीही गेलं तरी चालतं. माझी आजी दर वेळी करायची."

"आणि ते तुम्ही इथं करता? दवाखान्यात?"

"करावं लागलं. तुझा तो लाल रकाना आठवतो?"

आठवत होता. मागच्या वर्षी मीच काढला होता. कोणत्या वॉर्डात पेशंट सरासरी किती दिवस राहतात याचा तक्ता करून मी बोर्डावर लावला आणि ज्यांचे दिवस साडेचारच्या वर, त्यांचा रकाना लाल शाईनं रंगवला. चार नंबर साडेपाचच्या वर होता. मंदार सरांनी माझी पाठ थोपटली होती आणि मी दोन दिवस तरंगत होते.

"त्यावर मला पत्र आलं," सिस्टर म्हणाल्या. "पेशंट विनाकारण ठेवून घेता, खुलासा करा. आता काय खुलासा करणार? डॉक्टर शनिवारी सोडतात, तर बायका शनिवारी निघत नाहीत. अमावास्येला निघत नाहीत. रविवारी बिलाची खिडकी बंद, म्हणून कागद होत नाहीत. मग सोमवार उजाडतो. एकेकीचे दोन-दोन दिवस तुझ्या सरासरीत जाऊन बसायचे. किती समजावलं त्यांना! शेवटी आजीचं गाठोडं आठवलं. शुक्रवारच्या फेरीतच डॉक्टर सांगतात, रविवारपर्यंत कोण ठीक होईल. त्यांचे कागद मी शुक्रवारीच करते, बिल भरून घेते, गाठोडं आशाबाई चादरींच्या खोलीत नेतात. अमावास्या असली की आदल्या दिवशी तसंच. बायका खूष, त्या चांगल्या दिवशी गेल्या; तरी शनिवारी पाय उचलत नाहीत, रविवारी निघतात. तुझा रकाना खूष, सरासरी बरोब्बर साडेचार."

"आणि मधल्या दोन दिवसांत एखादीला काही झालं तर? कागदावर ती बाई दवाखान्यात नाही!"

त्यांनी चष्मा काढला. "घरी न्यायच्या गोळ्याच मी त्यांना वेळेवर देते. पण तू म्हणतेस ते खरं आहे. शनिवारी मला घरी जेवण जात नाही."

मला हसू येत होतं, रडू येत होतं आणि राग तर होताच, पण तो कोणाकडे वळवावा? सिस्टरनं खोटं लिहिलं होतं. ते त्यांनी माझ्या लाल शाईला घाबरून लिहिलं होतं. लाल शाई मी मंदार सरांसाठी वापरली होती, आणि बायका तर खोटं बोलतच नव्हत्या. त्या आपल्या मते खरोखरच शुक्रवारी गेल्या होत्या. पण त्यामुळे एकोणीस बायकांचं अन्न, औषध, चादरी असा सगळा खर्च मी तेरांनी भागत होते. म्हणून वॉर्ड महाग होता आणि रिकामा होता. मुक्काम कमी दाखवला म्हणून शाबासकी मिळाली, आणि त्याच कमी दिवसांचा आता फास बसत होता.

बाहेर आल्यावर मी आधी आशाबाईंना गाठलं. "ताटांवरून बोलले ते चुकलं माझं. माफ करा."

"असू द्या," त्या म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. ते योग्यच होतं.

रविवारी भावसिंगपुऱ्यातल्या माझ्या घरी मी कागद पसरून बसले. तीनशे अठ्ठेचाळीस ताटं म्हणजे एकशे चौऱ्याहत्तर दिवस, बायका राहिल्या पण वहीत न लिहिलेले. ते धरले की खाटा भरल्या जवळजवळ सत्त्याहत्तर टक्के. खर्च पेशंटमागे सातशे पंच्याण्णव, म्हणजे पुरुषांच्या वॉर्डाच्या आसपास. सरासरी मुक्काम मात्र पाच दिवसांच्या वर. वॉर्ड वाचत होता. पण हा आकडा द्यायचा तर वर्षभर वही खोटी होती हे सांगावं लागणार, आणि ती खोटी वही ट्रस्टींसमोर सही करून मीच ठेवत होते. माझं कंत्राट महिनाअखेर संपत होतं. मी दोन कागद तयार केले. एकावर सदुसष्ट, एकावर सत्त्याहत्तर. कोणता नेणार हे सकाळी बसमध्येही मला माहीत नव्हतं. दवाखान्याच्या फाटकात मात्र भामाबाईंचं ते वाक्य आठवलं, कुठं जाऊ, आणि पहिला कागद मी फाडून टाकला.

मीटिंगमध्ये सगळं सांगितलं. ताटं, गाठोडी, शनिवार. पहिलं वाक्य माझ्या लाल रकान्याचं होतं. एक ट्रस्टी हसले, दुसरे म्हणाले, आमच्या आजोळीही प्रस्थान ठेवायचे. पद्मजा सिस्टर न बोलावता येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, कागद मी केले, सुलेखानं नाही. अर्ध्या तासात ठरलं. वॉर्ड चालू राहणार. बिलाची खिडकी रविवारी सकाळी दोन तास उघडणार. बाई जाईल त्याच दिवशी कागद होणार. मला इतकं हलकं वाटलं, की मी समोरचा थंड झालेला चहा पिऊन टाकला.

मग मंदार सरांनी मला बाहेर बोलावलं. सिस्टर कायम नोकरीतल्या, त्यांना ताकीद देऊन भागणार होतं. पण वर्षभर चुकीचे आकडे ट्रस्टकडे गेले, त्यावर कोणीतरी जबाबदार लागतं. "चौकशी होईपर्यंत उद्यापासून येऊ नका, मॅडम," ते खाली बघत म्हणाले. "कंत्राटाचं पुढं बघू." पुढं बघू म्हणजे काय, ते आम्हा कंत्राटी लोकांना समजावून सांगावं लागत नाही. मी भांडले नाही. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

संध्याकाळी टेबल आवरलं. माझं होतंच काय? डबा, पाण्याची बाटली, एक स्वेटर, कॅल्क्युलेटर. सगळं पिशवीत भरत होते तेवढ्यात आशाबाई आल्या. त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली, वॉर्डातल्या हिरव्या चादरीत बांधली आणि चालू लागल्या. मी मागे धावले.

"आशाबाई, काय करताय? डबा आहे त्यात माझा!"

चादरींच्या खोलीत वरची फळी रिकामी होती. रविवारी सहाही जणी आपापली गाठोडी घेऊन गेल्या होत्या. आशाबाईंनी माझं तिथं ठेवलं.

"आमच्यात हे मानत नाहीत," मी म्हणाले.

"तुमी नका मानू. म्या मानते ना." त्या माझ्याकडे वळल्या. गुरुवारनंतर पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जरा हसू होतं. "त्या बायांचं गाठुडं आधी जातं, मानूस मागून. तुमचं मानूस चाललं, गाठुडं हितंच हाय. म्हंजे तुमी गेल्या नाय."

मला सांगायचं होतं, की असं नसतं. माणूस जिथं असतो तिथंच मोजायचा, हेच तर मी सकाळपासून ओरडून सांगत होते. पण डबा तिथंच सोडून मी रिकाम्या हातानं बस पकडली.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला मी घरी उगाच भांडी लावत होते. पद्मजा सिस्टरचा फोन आला.

"सुलेखा, आता तू नाहीस, पण विचारते. सकाळची मोजणी केली. बोटानं, तू केलीस तशी. अठरा आहेत. आशाबाई म्हणते एकोणीस लिहा, फळीवर एक गाठोडं आहे. ऐकतच नाही ती. काय लिहू?"

अठरा लिहा. हे मला एका क्षणात म्हणता यायला हवं होतं. मी फोन कानाला लावून स्वयंपाकघरात उभी होते आणि माझ्या तोंडून आकडा निघत नव्हता.